आईच्या कारभाऱ्याची पट्टेवाली

तिच्या गळ्यात नेहमी तीन-चार पट्टे लटकत असतात आणि त्यातल्या एकाही पट्ट्याच्या टोकाला तिचं स्वतःचं कुत्रं नसतं. आमच्या भागात तिला सगळे पट्टेवालीच म्हणतात. नोकरीतही ती तेच होती. जन्मभर एका कचेरीत साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसली, फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेल्या आणि निवृत्त झाल्यावर, तिच्याच शब्दांत सांगायचं तर, "साहेब बदलले, एवढंच. आधीचे नुसते भुंकायचे. हे निदान शेपूट तरी हलवतात."

हा विनोद ती प्रत्येक घरी करते आणि आधी स्वतःच हसते, तेही जिन्यातल्या चारही मजल्यांना कळेल असं. बूट पुसून आत यायचं तिला माहीत नाही. छत्री विसरते, चष्मा विसरते, एकदा तर आमच्या आईकडे स्वतःची चप्पल विसरून आईची घालून गेली. पण कोणत्या घरात कोणतं जनावर आहे आणि ते कशाला घाबरतं, हे मात्र ती विसरत नाही.

तिचं काम असं. एकटी राहणारी म्हातारी माणसं, आणि त्यांच्या सोबतीला एखादं कुत्रं, मांजर, पोपट. माणूस थकतं. वाकता येत नाही, जिना उतरवत नाही, डोळ्यांना दिसत नाही. मग मुलं म्हणतात, जनावर देऊन टाका. तिथे ही जाते. एका निवृत्त मास्तरीणबाईंच्या मांजरीच्या वाळूचं तबक ही साफ करते. एका घड्याळजींच्या पोपटाचा पिंजरा धुते, कारण घड्याळजींना आता पिंजऱ्याची कडीही दिसत नाही. जनावरांच्या डॉक्टरच्या दवाखान्यात तिचा फोन नंबर भिंतीवर लिहिलेला आहे. आमच्याकडे ती तिथूनच आली.

आणि आली ती कानामागून येऊन तिखट होणाऱ्यासारखी. हे मी रागाने लिहीत नाही. रोज देवापुढे बसणाऱ्या बाईने कुणाला पाण्यात पाहू नये, हे मला कळतं. पण जे झालं ते झालं, ते गोड करून लिहिण्यात अर्थ नाही.

माझी आई तिच्या घरात एकटी राहते. एकटी म्हणजे कारभाऱ्यासोबत. कारभारी हा तिचा कुत्रा, तपकिरी, जाडजूड, एक कान उभा आणि एक पडलेला. वडील गेल्यावर वर्षभराने तो जिन्याखाली सापडला. आई म्हणाली, "घरात कुणी कारभारी नको का?" आणि तेच नाव पडलं. तो चालतोही तसाच, पोट पुढे काढून, घराचा सगळा हिशेब आपल्याच डोक्यावर असल्यासारखा.

गेल्या हिवाळ्यात त्याने मांजर बघून ओढ घेतली आणि आई जिन्यावर पडली. उजव्या मनगटाचं हाड मोडलं, प्लास्टर घालावं लागलं. माझा भाऊ दूर असतो आणि उंटावरून शेळ्या हाकतो. तो फोनवर म्हणाला, "ताई, आता पुरे. तिला तुझ्याकडे ने. कुत्र्याचं काहीतरी बघू."

मला तेच हवं होतं. खोटं कशाला बोलू? आमच्या घरातली मागची खोली मी केव्हाच आईसाठी रिकामी केली होती. खिडकीला नवे पडदे लावले, पलंग उजेडात घेतला, उशाला तिला हाताशी येईल असा दिवा ठेवला. आईने माझ्याजवळ राहावं, एवढंच मी देवाकडे मागत आले होते. अडचण एकच. आमच्या ह्यांना कुत्र्याच्या केसांनी धाप लागते. कारभारी माझ्या घरात येणं शक्य नव्हतं.

आईने प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून निकाल दिला, "तो नाही, तर मी नाही."

"अगं पण त्याला फिरवणार कोण? तुला तर जिना बंद आहे."

"डॉक्टर कुणाला तरी पाठवतोय."

आणि दारात पट्टेवाली उभी राहिली. कारभारी भुंकला, वास घेतला, तिच्याभोवती नाचला. तिने त्याच्या डोक्यावरून साधा हातसुद्धा फिरवला नाही. आईच्या पुढ्यात गळपट्टा ठेवला आणि म्हणाली, "आई, घाला बघू."

माझ्या आईला आई! पहिल्याच दिवशी!

आई डाव्या हाताने गळपट्ट्याच्या बकलाशी झटापट करू लागली. ते निसटायचं, पुन्हा धरायची, पुन्हा निसटायचं. मला बघवेना. मी पुढे झाले तर ही म्हणते, "ताई, तुम्ही बसा. घाई कुणाला आहे? कारभाऱ्यांना काय कचेरी गाठायचीय?" आई खुदकन हसली. मी माझ्या आईच्या घरात, माझ्या वडिलांच्या खुर्चीत, पाहुणीसारखी बसून राहिले. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

ही तिची रीत आहे, सगळ्या घरी हीच. बाकी सगळं ती करते. फिरवते, धुते, विंचरते, डॉक्टरकडे नेते. पण पट्टा मालकाने बांधायचा आणि खायला मालकाने घालायचं, मग कितीही वेळ लागो. आईला वाकता येत नव्हतं म्हणून तिने कुठूनसा एक बुटका स्टूल आणला आणि कारभाऱ्याचं ताट त्यावर ठेवायची सोय केली. कारभारीही म्हातारा होत चाललेला, त्यालाही मान कमी वाकवावी लागे. उकडलेलं अंडं आईने एका हाताने कुस्करायचं, दूधपाव कालवायचा, स्टुलावर ठेवायचा. पट्टेवाली तोवर पाठ करून खिडकीबाहेर बघत उभी. जिभल्या चाटत कारभारी तिच्याकडे गेला, तरी तिच्या खिशात कधी काही नसायचं.

हे सगळं मला तेव्हा थेर वाटायचं. मला दिसायचं ते वेगळंच. आईच्या गालावर रंग आला होता. ती सकाळी लवकर उठून केस विंचरून बसायची, कुणासाठी, तर पट्टेवालीसाठी. मी संध्याकाळी गेले की ऐकायला मिळायचं, "आज ती काय म्हणाली माहितीये का?" लहानपणी आई एकदा नदीत बुडता बुडता वाचली होती, हे मला पट्टेवालीच्या तोंडून कळलं. एवढी वर्षं मी तिची मुलगी, मला नाही सांगितलं!

"तू कधी विचारलंस?" आई म्हणाली.

"तिने विचारलं?"

"तिने नाही विचारलं. ती बसते."

मी बसत नाही, असा त्याचा अर्थ. मी येते ती भांडी घासते, औषधं बघते, चादर बदलते. पट्टेवाली येते ती खुर्चीत फतकल मारते, कपभर चहा पिते आणि कचेरीतल्या साहेबांच्या नकला करते. आणि आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसते. त्यातच एक दिवस वडिलांची छत्री खुंटीवर दिसली नाही.

"तिला दिली," आई सहज म्हणाली. "तिची हरवते सारखी."

"अगं, बाबांची होती ती!"

"मग? ते काय आता पावसात जाणार आहेत?"

त्या रात्री मी ह्यांच्यापुढे बडबड बडबड बडबडले. ह्यांनी वर्तमानपत्र खाली न करता विचारलं, "छत्री हवी होती की आई?" काही प्रश्न माणूस धाप लागणाऱ्या नवऱ्याकडून ऐकून घेत नाही.

प्लास्टर निघालं. हात अजून कमकुवतच होता, पट्टा धरण्याजोगा नव्हता. मी ठरवलं की आता परक्या बाईची गरज नाही, मी फिरवीन. पट्टेवालीला जिन्यातच गाठलं आणि सांगितलं, "उद्यापासून मी येते. तुमचे उपकार आहेत, पण घरचं माणूस असताना…"

मला वाटलं होतं वाद घालेल. तिने पट्टा गळ्यातून काढून माझ्या हातात दिला. "बरं झालं, ताई. घड्याळजींच्या पोपटाला ताप आलाय, मला वेळच पुरेना. एक सांगते. खायला मात्र तुम्ही घालू नका हं. आईंच्या हातूनच."

"माझ्या आईचं कुत्रं आहे," मी म्हणाले. "मला शिकवू नका."

पहिल्या दिवशी कारभारी कोपऱ्यापर्यंत आला आणि रस्त्याच्या मधोमध बसला. ओढलं, उठेना. विनवलं, उठेना. खाटीक दुकानाच्या दारात येऊन म्हणाला, "पट्टेवाली आजारी आहे का हो?" नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशी मी कोटाच्या खिशात लोण्याची बिस्किटं घेऊन गेले. एक दिलं, तो उठला. दुसरं दिलं, चालायला लागला. आठवडाभरात तो माझ्या पायांना चिकटून चालू लागला, मान वर, डोळे माझ्या खिशावर. मला वाटलं, प्रेम प्रेम म्हणतात ते हेच. मी जिन्यात पाऊल ठेवलं की वर त्याचं कुंईकुंई सुरू. पट्टेवालीसाठी तो असं कधी करत नव्हता. मी मुद्दाम त्याला तिच्या घरावरून न्यायची.

आई हळूहळू गप्प होत गेली. मला वाटलं थंडीने. कारभाऱ्याचं ताट तसंच भरलेलं दिसायचं. मी म्हणायची, "म्हातारा झालाय गं, भूक कमी होते."

मग एका संध्याकाळी दार उघडून आत गेले तर आई जमिनीवर. पडली नव्हती, आपणहून बसली होती. मांडीवर ताट, बोटांत अंड्याचा तुकडा, आणि हात कारभाऱ्यापुढे धरलेला. कारभाऱ्याने त्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. मला बघून ताडकन उठला, आईच्या मांडीवरून उडी मारून माझ्याकडे आला आणि थेट कोटाच्या खिशात नाक खुपसलं. ताट उलटलं. दूध आईच्या कपड्यांवर सांडलं.

मी तिला उठवायला गेले. तिने पलंगाचा पाय धरला, माझा हात नाही.

"तुझा झालाय तो," ती म्हणाली.

"आई, काहीतरीच काय!"

"तू यायच्या आधीपासून दाराशी बसून असतो. मी हाक मारली तर कानसुद्धा हलवत नाही. माझ्या हातचं नको झालंय त्याला." ती असं बोलली की मला क्षणभर माझाच आवाज ऐकू आल्यासारखं झालं. जशी मी पट्टेवालीवर जळत होते, तशी माझी आई माझ्यावर जळत होती. "ने त्याला."

"ह्यांना धाप लागते, तुला माहितीये."

"मग कुणाला तरी देऊन टाक. आणि मलाही ने. ती खोली तयार आहे ना तुझी? येते मी."

एवढी वर्षं जे मागितलं ते असं, दुधाने भिजलेल्या कपड्यांत, माझ्या पदरात पडलं. भावाला फोन केला. तो खूश. पुढच्या सुट्टीला गाडी घेऊन येतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी गेले तर आईने केस विंचरले नव्हते. दुपार होऊनही अंथरुणातच होती. मी विचारलं, कोणती भांडी न्यायची? म्हणाली, "तूच ठरव." मी विचारलं, खुर्ची? "तूच ठरव." जी बाई मला कपाटातला कप्पासुद्धा लावू देत नसे, ती म्हणत होती, तूच ठरव.

घरी येऊन देवापुढे बसले. मागितलेलं मिळालं तर आभार मानायचे असतात. मी नुसती वात सारखी करत राहिले. मग उठले, कोट चढवला आणि पट्टेवालीकडे गेले. माझं पाऊल त्या दिवशी जेवढं जड झालं, तेवढं कधी झालं नव्हतं.

ती एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहते. भिंतीवर खिळे, खिळ्यांवर पट्टे, जमिनीवर एक गादी. जनावर नाही. मालक ठेवू देत नाही. ती मोजा शिवत बसली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

तिने सुई दातांत धरून विचारलं, "बिस्किटं?"

"हो."

"लोण्याची?"

"हो."

"मग काय! लोण्याच्या बिस्किटांना मी पण फितूर होईन." आणि हसली. मला तिचं तोंड दाबावंसं वाटलं. मग सुई खाली ठेवून म्हणाली, "माझ्या बाबांची मांजर होती, ताई. बाबा दादाकडे राहायला गेले, मांजर माझ्याकडे आली. तेव्हा मला ठेवता येत होती. लाड केले, मासे घातले. सुट्टीला बाबा भेटायला आले. दारातूनच हाक मारली. मांजर माझ्या मागे लपली. बाबा चहा न घेता गेले, ते पुन्हा काही आले नाहीत. माझा काय दोष, मी चांगलंच केलं होतं. पण तेव्हापासून मी कुणाच्या जनावराला घास भरवत नाही."

"मग आता काय करू?"

"मी जाते उद्यापासून. तुम्ही जायचं नाही."

"किती दिवस?"

"त्याची बिस्किटं सुटेपर्यंत."

"माझ्या आईच्या घरी मी जायचं नाही?"

"वाटलं तर जा. मग आईंना गाडीत बसवायला पण जा."

मला तिचा जेवढा राग तेव्हा आला, तेवढा छत्रीच्या वेळीही आला नव्हता. पण मी मान हलवली.

ते दिवस कसे गेले ते मला विचारू नका. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कोपरा दिसतो. सकाळी पट्टेवाली वडिलांची छत्री काखेत मारून वळायची, पाठोपाठ पोट पुढे काढून कारभारी. आईला फोन करावा तर आई म्हणे, "आत्ता नको, बाई आल्यात." दुपारी करावा तर विचारी, "रुसलीयेस का? येत का नाहीस?" मी सर्दीची सबब सांगे. खरं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, त्याला उपाशी नका ठेवू, घाला गं बिस्किटं. कारण कारभारी दोन दिवस खरंच उपाशी राहिला. पट्टेवाली संध्याकाळी लाँड्रीच्या दुकानातून फोन करायची, "आज नुसतं हुंगलं." "आज दूध चाटलं, पाव ठेवला." भावाचा रोज फोन, सामान बांधलंस का? मी म्हणायची, थांब. "थांब काय? मी रजा टाकलीय." थांब म्हटलं ना!

आणि मग एका सकाळी आईचाच फोन आला. हॅलोसुद्धा म्हणाली नाही. "खाल्लं! सगळं खाल्लं, ताट चाटून पुसून! आणि बोटं चाटली गं माझी, ही अशी!" कशी, ते मला दिसणार नव्हतं, पण ती दाखवत होती हे आवाजावरून कळत होतं.

"छान झालं," मी म्हणाले, आणि सर्दी झाल्यासारखाच आवाज आला.

त्या संध्याकाळी गेले. कोट धुतलेला, खिसे उलटे करून झटकलेले. कारभारी दाराशी आला. या खिशात नाक, त्या खिशात नाक. मी हात मागे बांधून उभी. आई खुर्चीतून बघत होती. त्याने एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं, फुसकन नाकातून हवा सोडली आणि जाऊन आईच्या पावलांवर हनुवटी टेकून पडला. आईने त्याच्या पडलेल्या कानावरून हात फिरवला. माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित मला रडू आलं असतं.

तेवढ्यात भावाचा फोन. मी उचलला. "सुट्टीला येतोय, गाडी ठरली आहे. आई तयार आहे ना?"

"आई कुठेही जात नाही," मी म्हणाले.

"म्हणजे? तूच तर म्हणत होतीस…"

आईने फोन माझ्या हातातून घेतला, त्याच कमकुवत उजव्या हाताने. "ये तू, पण जेवायला ये, न्यायला नको. अरे, इथे सगळं ठरलंय. सकाळी बाई येतात, संध्याकाळी तुझी ताई. दोन-दोन बायका लागतात आमच्या कारभाऱ्याला!" आणि मोठ्यांदा हसली, चारही मजल्यांना ऐकू जाईल असं. कुणाचं हसणं उचललं ते मला कळलं.

फोन ठेवून ती म्हणाली, "जा, फिरवून आण. जरा लांब ने. बाई त्याला नदीपर्यंत नेतात. तू मेली कोपऱ्यावरूनच परत आणतेस."

तिने डाव्या हाताने बकल धरलं, उजव्याने पट्टा ओढला. वेळ लागला. मी पुढे झाले नाही. आणि पट्टा माझ्या हातात आल्यावर कारभाऱ्याला मी नदीच्याही पुढे, पुलापर्यंत नेला.